व्यायामाचे वार आधी, पावलं नंतर: ठाण्यात नव्यानं सुरुवात करणाऱ्यांसाठी

मनगटावरचं घड्याळ पावलं मोजतं, जोर-बैठका मोजत नाही. सगळा घोळ इथून सुरू होतो. अर्धा तास घरी घाम गाळून व्यायाम केला तर आकड्यात जेमतेम तीन-चारशेची भर पडते. तेवढ्याच वेळात मासुंदा तलावाकाठी, तलावपाळीला भरभर चकरा मारल्या तर तीन हजार पावलं दिसतात. मग मंगळवारचा व्यायाम बुधवारवर जातो, बुधवारचा पुढच्या आठवड्यावर. दोन महिन्यांनी पावलं भरपूर झालेली असतात, पण गॅसचा सिलिंडर सरकवताना कंबर धरते ती धरतेच.

म्हणून क्रम उलटा लावायचा. आठवड्यातले व्यायामाचे दोन वार आधी पक्के करा आणि पावलं उरलेल्या जागेत बसवा. पावलांचा हिशेबही रोजचा नको, आठवड्याचा ठेवा.

दहा हजारांचं भूत

१९६५ साली जपानमध्ये ‘मानपो-केई’ नावाचं पावलं मोजायचं यंत्र विकायला आलं. नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलं मोजणारं’. आकडा गोल होता, लक्षात राहण्यासारखा होता, तो जगभर रुजला. वैद्यकीय अभ्यासातून तो निघालेला नव्हता. पुढे अभ्यास झाले तेव्हा चित्र बरंच सौम्य निघालं. २०२२ मध्ये ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’ या नियतकालिकात १५ अभ्यासांचा एकत्र आढावा आला. त्यात साठीच्या पुढच्या लोकांना मिळणारा फायदा ६,००० ते ८,००० पावलांच्या आसपास स्थिरावताना दिसला, साठीच्या आतल्यांना ८,००० ते १०,००० च्या आसपास. म्हणजे दोन-तीन हजारांवरून पाच हजारांवर येणाऱ्याला जेवढा लाभ, तेवढा नऊवरून बारा हजारांवर जाणाऱ्याला नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींत पावलांचा आकडाच नाही. त्या मिनिटांत बोलतात: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमाची हालचाल, आणि शिवाय किमान दोन दिवस मोठ्या स्नायूंना ताकद देणारा व्यायाम. ‘शिवाय’ हा शब्द महत्त्वाचा, कारण चालण्यानं दुसरी अट भागत नाही. चालताना शरीरावरचा भार रोज तेवढाच असतो. स्नायू बळकट व्हायला तो थोडा थोडा वाढावा लागतो. आणि छाती, पाठ, दंड यांना तर चालण्यात कामच नसतं.

पहिला आठवडा: काही बदलू नका, फक्त मोजा

सात दिवस नेहमीसारखे वागा आणि रात्री आकडा लिहून ठेवा. सातांची बेरीज भागिले सात, हा तुमचा पाया. अनेकांना स्वतःचा पाया सात हजार वाटतो आणि प्रत्यक्षात निघतो साडेतीन.

त्याआधी यंत्राची परीक्षा घ्या. सोसायटीच्या आवारात तोंडानं मोजत बरोबर १०० पावलं चाला आणि यंत्र किती दाखवतं ते पाहा. ९५ ते १०५ मध्ये असेल तर ठीक. फोन ओट्यावर ठेवून घरभर वावरलात तर ती पावलं नोंदलीच जात नाहीत, त्यामुळे घरी काम करणाऱ्यांचा आकडा हमखास कमी दिसतो. घड्याळाची गोष्ट उलटी. ते हाताच्या हालचालीवर चालतं, म्हणून पोळ्या लाटतानाही पावलं पडल्यासारखी दाखवू शकतं, आणि बाबागाडी ढकलताना किंवा दोन्ही हातांत बाजाराच्या पिशव्या असताना खरी पावलं गिळतं. खड्ड्यांतून जाणारी रिक्षासुद्धा थोडी पावलं ‘चालते’. हे दोष दूर करत बसू नका. रोज एकच यंत्र एकाच जागी ठेवलं की चूकही रोज सारखीच राहते, आणि आपल्याला तुलनाच करायची आहे.

अंतराचा अंदाज हवा असेल तर उंचीला ०.४१ नं गुणा. १६० सेंटिमीटर उंचीच्या माणसाचं पाऊल साधारण ६६ सेंटिमीटरचं, म्हणजे हजार पावलांत सुमारे ६६० मीटर आणि ८,००० पावलांत सव्वापाच किलोमीटर.

दुसरा आठवडा: दोन वार पक्के करा

मधे किमान एक दिवस मोकळा राहील असे दोन वार निवडा. मंगळवार-शुक्रवार किंवा सोमवार-गुरुवार. शनिवार-रविवार लागोपाठ नकोत, स्नायूंना सावरायला साधारण दोन दिवस लागतात. वेळ ३५ मिनिटं. सामान म्हणजे एक भक्कम खुर्ची, एक पाठपिशवी आणि एक-एक लिटरच्या पाण्याच्या बाटल्या. एक भरलेली बाटली म्हणजे साधारण एक किलो.

सुरुवातीला पाच मिनिटं घरातच चाला, खांदे आणि घोटे फिरवा. मग हे सहा प्रकार करा, प्रत्येकाची दोन आवर्तनं, मधे एक-दीड मिनिट विश्रांती.

१. खुर्चीवरून उठबस, १० वेळा. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, प्लास्टिकची खुर्ची फरशीवर मागे सरकते आणि माणूस खाली बसतो तो थेट जमिनीवर. हात छातीवर दुमडा, उठताना झटका नको, बसताना मनात तीन मोजत हळू बसा. ताकद त्या हळू बसण्यातच येते. धपकन बसलात तर निम्मा व्यायाम वाया गेला.

२. जोर, ८ ते १० वेळा. पहिले दोन आठवडे भिंतीला, मग स्वयंपाकाच्या ओट्याच्या कडेला, मग जमिनीवर. शरीर जितकं आडवं तितका भार जास्त. कंबर झोल खाल्लेल्या खाटेसारखी लटकत असेल तर एक पायरी मागे या.

३. पाठपिशवी ओढणं, प्रत्येक हातानं १०. पिशवीत तीन बाटल्या घाला. एक हात पलंगावर टेकवा, पाठ सपाट ठेवून वाका, दुसऱ्या हातानं पिशवी कमरेपर्यंत ओढा. हा प्रकार लोक हमखास गाळतात. सूर्यनमस्कार आणि जोर उत्तमच आहेत, पण दोन्हींत ढकलण्याचं काम आहे, ओढण्याचं नाही. दिवसभर संगणकापुढे पुढे झुकलेले खांदे मागे आणायला हे ओढणंच लागतं.

४. पाठीवर झोपून गुडघे दुमडून कंबर उचलणं, १२ वेळा. वर दोन मोजेपर्यंत थांबा. मांडीच्या मागे गोळा येत असेल तर टाचा शरीराजवळ घ्या.

५. भिंतीला हात टेकून टाचा उचलणं, १५ वेळा. लगेच त्यानंतर पाठ भिंतीला लावून टाचा टेकलेल्या ठेवत चवडे उचलणं, १५ वेळा. चालणाऱ्यांच्या पोटऱ्या आणि नडग्या यावरच टिकतात.

६. कोपर आणि चवड्यांवर तोलून फळीसारखं सरळ राहणं, २० सेकंद. मग ओट्याजवळ एका पायावर उभं राहणं, प्रत्येक पायावर ३० सेकंद. साठीच्या पुढच्यांनी हे तोल सांभाळणं आठवड्यातून तीन दिवस करावं.

आवर्तन संपताना ‘अजून दोन-तीन जमले असते’ असं वाटलं पाहिजे. अजून दहा जमले असते तर भार कमी आहे, एकही जमला नसता तर जास्त आहे. दोन आवर्तनं आरामात होऊ लागली की तिसरं वाढवा. तिन्ही सोपी झाली की पाठपिशवीत एक बाटली वाढवा, आणि उठबस करतानाही पिशवी छातीशी धरा. श्वास कोंडू नका. जोर लावताना सोडा, परत येताना घ्या. रक्तदाब असणाऱ्यांनी ही एक गोष्ट तरी विसरू नये.

जिमला जाणाऱ्यांचंही गणित हेच. तिथे ट्रेडमिलवर पाऊण तास घालवून शेवटी दमलेल्या अंगानं वजनं उचलायची सवय असते. पाच मिनिटं ट्रेडमिल, मग वजनं आणि वेळ उरला तर पुन्हा ट्रेडमिल, असं करा.

तिसऱ्या आठवड्यापासून: पावलं वाढवणं

दर दोन आठवड्यांनी रोजच्या सरासरीत हजार पावलं वाढवा, त्याहून जास्त नको. हजार पावलं म्हणजे सुमारे दहा मिनिटांचं भरभर चालणं. पाया चार हजारांचा असेल तर आठ हजारांवर यायला दोन महिने लागतील, आणि ते योग्यच आहे. फुप्फुसं आणि हृदय लवकर जुळवून घेतात, पण टाचेखालचे आणि पोटरीचे जाड तंतू सावकाश. दम लागत नाही म्हणून पहिल्याच आठवड्यात दुप्पट चालणारा माणूस तिसऱ्या आठवड्यात लंगडत असतो.

सगळी पावलं सारख्या मोलाची नसतात. मिनिटाला १०० किंवा अधिक पावलं पडली की चालणं साधारण मध्यम दमाचं होतं. पंधरा सेकंदांत २५ पावलं मोजली की झालं. मोजायचं नसेल तर बोलून पाहा: वाक्य बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये. १५० मिनिटांची अट म्हणजे आठवड्याला अशी १५,००० भरभर पावलं. बाकीची मंडईतली, फलाटावरची, घरातली रमतगमत झाली तरी हरकत नाही. हे कळलं की डोक्यावरचं निम्मं ओझं उतरतं.

कामावर जाणाऱ्या आणि सरासरी सात हजार ठरवलेल्या माणसाचा आठवडा असा बसतो. सोमवार, बुधवार, गुरुवार, शनिवार प्रत्येकी ७,५००, त्यात सलग ३० मिनिटं भरभर. मंगळवार आणि शुक्रवार व्यायामाचे, म्हणून फक्त ५,५००, त्यात वेगळं फिरायला जायचं नाही. रविवारी ८,०००, त्यातही अर्धा तास भरभर. एकूण ४९,००० पावलं, १५० भरभर मिनिटं आणि दोन व्यायाम. एखादा दिवस मेगाब्लॉकनं किंवा पाहुण्यांनी खाल्ला तर राहिलेली पावलं पुढच्या तीन-चार दिवसांत पाचशे-सातशेनं वाटून घ्या. एकाच रात्री वसूल करू नका. मात्र व्यायामाचा वार चुकला तर तो दुसऱ्याच दिवशी करा आणि त्या दिवसाची पावलं कमी करा.

पोहणं, सायकल किंवा बॅडमिंटन असेल तर? त्यांचं पावलांत रूपांतर करणारे तक्ते मिळतात, पण त्यात गुंतू नका. जितकी मिनिटं खेळलात तितक्या शंभरांनी त्या दिवसाचं उद्दिष्ट कमी करा. ४० मिनिटं पोहलात तर चार हजार कमी. ढोबळ हिशेब आहे, पण नवख्याला पुरतो.

पावलं मिळतात कुठे

लोकलनं जाणाऱ्यांना ती फुकट मिळतात. बारा डब्यांची गाडी साधारण अडीचशे मीटर लांब असते. फलाटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलात की पावणेचारशे पावलं. गाडीला उशीर असेल तेव्हा उभं राहून फोन बघण्याऐवजी दोन फेऱ्या होतात, पिवळ्या पट्टीच्या आत राहून. तीन हात नाक्याकडून किंवा नौपाड्यातून स्टेशनला रिक्षानं येत असाल तर एक वेळ चालत जाऊन पाहा. राम मारुती रोडच्या गर्दीत भरभर चाल जमणार नाही, आकडा मात्र वाढेल.

भरभर चालीसाठी अडथळा नसलेली जागा लागते. तलावपाळी पहाटे चांगली. संध्याकाळी तिथे भेळ-पाणीपुरी, फुगे आणि आख्खं ठाणे असतं, लय दर वीस पावलांनी तुटते. पाचपाखाडीतला कचराळी तलाव आणि उपवन तलाव हे अधिक सोयीचे. पहिल्या दिवशी एक फेरी घड्याळ लावून मोजून ठेवा म्हणजे पुढे फक्त फेऱ्या मोजाव्या लागतील. येऊरचा चढ दम वाढवायला उत्तम. पण तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि तिथे बिबटे आहेत. पूर्ण उजाडल्यावर जा आणि संध्याकाळच्या आत खाली या. नवख्यांचे गुडघे चढताना दुखत नाहीत, उतरताना दुखतात, कारण मांडीचे स्नायू उतारावर ब्रेकचं काम करतात. म्हणून पहिल्या दीड महिन्यात येऊर नको, आणि नंतरही व्यायामाच्या दुसऱ्या दिवशी नको.

घोडबंदर रोडच्या कडेनं चालणं शक्यतो टाळा, धूर आणि धूळ दोन्ही छातीत जातात. एक गल्ली आत शिरलात तरी फरक पडतो. हिवाळ्यात पहाटेची हवा स्वच्छ असते हा गैरसमज आहे. थंड हवा जमिनीलगत साचते आणि धूर तिच्यात अडकून राहतो. डिसेंबर-जानेवारीत ऊन वर आल्यावर निघा.

आणि शतपावली. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं सावकाश चाललं की रक्तातली साखर कमी चढते, कारण पायांचे स्नायू ती वापरू लागतात. दोन्ही जेवणांनंतर प्रत्येकी हजार पावलं धरली तर दिवसाचा मोठा वाटा तिथेच भागतो. भरल्या पोटी भरभर मात्र नको.

पावसाळा आणि उकाडा

जून ते सप्टेंबर पावलांची सरासरी घसरते, तेव्हा हजाराची सूट आधीच देऊन टाका, व्यायामाचे वार तसेच ठेवा. घरात करायचे असल्यानं पावसाचं कारण तिथे चालत नाही. पेव्हर ब्लॉकवर शेवाळ धरतं, तिथे लांब पावलं टाकू नका. पायाला खरचटलेलं असेल तर तुंबलेल्या पाण्यातून जाऊ नका, लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचा धोका असतो. ओले बूट रात्री वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवा. इमारतीचा जिनाही उपयोगी: चढा पायानं, उतरा लिफ्टनं. चार मजले चढून पावलं शंभराच्या आतच दिसतील, कष्ट मात्र सपाट चालण्याच्या कितीतरी पट झालेले असतील.

एप्रिल-मे आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात घाम सुकत नाही, अंग थंड होत नाही, आणि त्याच वेगाला हृदयाचे ठोके वाढतात. या दिवसांत वेगावर जाऊ नका, बोलून पाहायच्या परीक्षेवर जा. नवरात्रात गरबा खेळलात तर घड्याळ एका रात्रीत आठवड्याची भरपाई दाखवेल. त्या नऊ दिवसांत, विशेषतः उपवास असेल तर, वेगळं चालणं बंद ठेवलं तरी चालेल.

दुखणं कुठलं चालेल, कुठलं नाही

व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दोन्ही मांड्या सारख्याच ठणकतात, जिना उतरताना कळतं, थोडं चाललं की मोकळं वाटतं. हे नेहमीचं. त्या दिवशी सावकाश चाला, पूर्ण झोपून राहू नका. एका बोटानं दाखवता येईल असं एकाच जागी दुखत असेल, सूज असेल, किंवा चालताना वाढत जात असेल तर ते वेगळं.

सकाळी पलंगावरून उतरताच टाचेत कळ येत असेल तर टाचेखालच्या तंतूंवर ताण आला आहे. कारण बहुधा पावलं एकदम वाढवणं, झिजलेले बूट, आणि घरात टणक टाइल्सवर अनवाणी वावरणं. एक-दोन आठवडे पावलं निम्मी करा, घरात मऊ तळाची चप्पल घाला, भिंतीला हात लावून पोटरी ३० सेकंद ताणा, दिवसातून तीनदा. नडगीच्या आतल्या कडेला दुखत असेल तर वेग आणि चढ दोन्ही कमी करा. तीन आठवड्यांत उतार पडला नाही तर डॉक्टरांना दाखवा.

बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. अंगठ्यापुढे आडव्या बोटाएवढी जागा हवी. साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर तळाची उशी बसते. रोज पाच किलोमीटर चालणाऱ्याला हे चार-पाच महिन्यांत येतं, वरून बूट कितीही नवा दिसो.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेत असाल तर उपाशीपोटी भरभर चालणं टाळा आणि खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवा. थरथर, घाम, गरगर वाटली तर लगेच खा. रात्री तळपाय पाहायची सवय लावा, संवेदना कमी झालेल्या पायाला फोड कळत नाही. छातीत दाब, हातात किंवा जबड्यात कळ, न झेपणारा दम, यातलं काहीही झालं तर तिथेच थांबा आणि मदत मागा. हृदयविकार असणाऱ्यांनी किंवा वर्षानुवर्षं बैठं काम केलेल्यांनी सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

ताप येऊन गेला असेल, आणि पावसाळ्यानंतर डेंग्यू-मलेरिया घरोघरी असतोच, तर जुन्या आकड्यावर उडी मारू नका. ताप उतरून दोन-तीन दिवस झाल्यावर निम्म्या पावलांनी सुरुवात करा, पहिला आठवडा व्यायाम वगळा, दुसऱ्या आठवड्यात एकच आवर्तन आणि रिकामी पाठपिशवी. डेंग्यू झाला असेल तर प्लेटलेट सावरल्याचं डॉक्टरांनी सांगेपर्यंत चालण्याशिवाय काहीच नको.